गाडीत म्युझिक सिस्टीम बसवताय? आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थ यांचा हिशोब करा

नवी गाडी दारात आली की महिन्याभरात तिच्यात काय काय चढतं ते बघा. मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, डॅशकॅम, डिकीत वूफर, जोडीला फॉग लॅम्प आणि जोरदार हॉर्न. कार डेकोरच्या दुकानात हे सगळं एका दुपारात बसतं आणि बोलणं फिरत राहतं ते ब्रँड, वॅट आणि किमतीभोवती. पॉवर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा आणि नेमका कुठे लावला, अर्थ (मायनस वायरीची गाडीच्या पत्र्याशी जोडणी) कुठे मारला, हे विचारणारा गिऱ्हाईक क्वचित भेटतो. पुढे कधीतरी सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, स्पीकरमधून शिट्टी वाजते किंवा डॅशबोर्डखालून जळका वास येतो. शोधत गेलं की मूळ बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांपाशी सापडतं. म्हणून स्पीकरच्या आधी बॅटरीपासून सुरुवात करू.

मल्टिमीटर घ्या आणि तीन वेळा मोजा

साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं मायनसला लावा. अंदाजापेक्षा हा एक आकडा जास्त सांगतो.

पहिलं मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी घ्यायचं. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ आणि खाली म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा, वरचा दिसतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

दुसरं मोजमाप सेल्फ मारताना. एकाने मीटरकडे बघायचं, दुसऱ्याने किल्ली फिरवायची. आकडा खाली येणारच, पण तो १० च्या वर राहिला तर ठीक. बॅटरी भरलेली असूनही ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली आहे, नवीन बॅटरीची तयारी ठेवा.

तिसरं इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. आता हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर सगळं एकदम लावा. तरीही १३.५ च्या आसपास टिकलं तर अल्टरनेटर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला अजूनही डायनॅमो म्हणतात तो, आपलं काम करतोय. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. असा जादा व्होल्टेज बॅटरी उकळवतो आणि स्टिरिओसकट सगळी इलेक्ट्रॉनिक्स धोक्यात आणतो, तेव्हा तो दुरुस्त होईपर्यंत गाडी दामटू नका. अलीकडच्या अनेक गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करत असतो. तिथे चालत्या गाडीत मधूनच १२.८ दिसलं तर घाबरू नका, थोडा वेळ बघत राहा.

याच मीटरने एक फार उपयोगाची गोष्ट कळते आणि ती सहसा कोणी करत नाही. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबाच्या मध्यावर टेकवा आणि काळं टोक त्याच खांबावर बसवलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही टोकं एकाच टर्मिनलवर आहेत. आता सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळपास शून्य राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये क्षार साचलाय किंवा क्लॅम्प ढिला आहे. अशा अनेक बॅटऱ्या उगाच बदलल्या जातात. दोष असतो तो पांढऱ्या-हिरव्या क्षाराच्या पातळ थराचा.

तो काढायचा तर इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि बहुतेक गाड्यांना चालणारा १० नंबरचा पाना घ्या. आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. लावताना उलट, आधी प्लस आणि शेवटी मायनस. कारण साधं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो आणि वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने क्षार घासा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. बॅटरी सोडवली की काही स्टिरिओ कोड मागतात, काही गाड्यांत पॉवर विंडोचं ऑटो पुन्हा सेट करावं लागतं. स्टिरिओचा कोड आधी शोधून ठेवा.

उभी गाडी आणि बंद इंजिनातली गाणी

थंडीत सेल्फ कुरकुरतो म्हणून थंडी बदनाम होते, पण बॅटरी खरी मरते ती उन्हाने. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी घालायच्या बॅटरीची पातळी दर महिन्याला बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा फिल्टरचं नाही. मेंटेनन्स फ्री बॅटरीला यातलं काही करावं लागत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाडीला मात्र ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणारी, बॅटरी घाला. स्वस्तातली साधी घातली तर तिथे ती लवकर बसते.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज घेत असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत हे चालतं. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). छोट्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, त्या हिशोबाने दोन आठवड्यांत ती अर्ध्यावर येते. यात पार्किंग मोडवरचा डॅशकॅम आणि चुकीच्या ठिकाणाहून पॉवर घेतलेला अँप्लिफायर (स्पीकरला जादा ताकद देणारा डबा) मिळवा, म्हणजे चौथ्या दिवशीच गाडी का बसली ते कळेल.

गळती शोधायची रीत अशी. बॉनेट उघडा, दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने खटकवून ‘दार बंद आहे’ असं गाडीला भासवा, लॉक करा आणि अर्धा तास थांबा. सगळे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. मग मायनस केबल सोडवून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा आणि खांब व केबल यांच्या मधोमध जोडा. केबल सोडल्यावर काही कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात, म्हणून लगेचचा आकडा खरा धरू नका, स्थिर होऊ द्या. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जळेल. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, गळती त्याच सर्किटवर. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर केबल सोडवायचीही गरज नाही.

आता इंजिन बंद ठेवून गाणी ऐकण्याबद्दल. साधा स्टिरिओ मध्यम आवाजात दोन-तीन अँपिअर घेतो, त्यामुळे तासभर ऐकायला काही हरकत नाही. पण डिकीत अँप्लिफायर असेल आणि सगळं मिळून १० अँपिअर जात असतील, तर दोन तासांत २० अँपिअर-तास संपले. ३५ ची बॅटरी निम्म्याहून खाली गेली, पार्टी आवरली आणि परतीला धक्का मारायला माणसं शोधायची वेळ आली. किल्ली ‘एसीसी’ (फक्त ॲक्सेसरींपुरती पॉवर) वर ठेवा, ‘ऑन’ वर नाही. ‘ऑन’ वर इंजिनाची यंत्रणाही वीज खाते. बराच वेळ ऐकायचं तर अधूनमधून इंजिन चालू करा, पण ते मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवून बसणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याची वाट. त्याला ना वास, ना रंग.

बॅटरी बसलीच तर

जंपर केबलचा क्रम चुकवू नका.

१. लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून ती बॅटरीवर करायची नाही. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. केबल काढताना याच्या बरोबर उलट क्रम. काही गॅरेजवाले डायनॅमो तपासायला चालू इंजिनात बॅटरीचा टर्मिनल काढतात. तुमच्या गाडीवर हे करू देऊ नका. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणार्धात कित्येक पट उसळतो आणि गाडीचा कॉम्प्युटर किंवा स्टिरिओ जागच्या जागी जातो. तपासायला मीटर आहे.

फ्यूज कोणासाठी असतो?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. फ्यूज स्टिरिओला वाचवण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं. तो मुळात वायरीला वाचवतो. समजा एक वायर १५ अँपिअर सहज पेलते. ती कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर लोटू शकते. फ्यूज असेल तर तो क्षणात उडतो. नसेल तर वायर लाल होते, वरचं प्लॅस्टिक पेटतं आणि शेजारून जाणाऱ्या कंपनीच्या वायरींचा जुडगाही पेटतो. म्हणूनच बॅटरीवरून थेट घेतलेल्या प्रत्येक वायरीला फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, फार तर ४५ सेंटिमीटरच्या आत. अँप्लिफायरला स्वतःचा फ्यूज असतो, पण तो डिकीत. बॉनेटपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर वायर मग बिनसंरक्षण राहते.

ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ अँपिअर फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा-पारदर्शक, ३० हिरवा. १० चा उडाला तर १० चाच घाला. तो पुन्हा उडाला तर फ्यूजचा काही दोष नाही, शॉर्ट शोधा. उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळून गाडी ‘चालू’ करून देणारे हात गावोगावी आहेत. सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्याच रविवारी फ्यूज बॉक्स उघडा, एकेक फ्यूज चिमट्याने उपसा आणि झाकणावरच्या तक्त्याशी ताडून बघा. पाच रुपयांच्या त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. प्रत्येक रंगाचे दोन जादा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

सॉकेटचंही असंच. बहुतेक गाड्यांचा १२ व्होल्टचा सॉकेट १० अँपिअर, म्हणजे १२० वॅटपर्यंतचा असतो. लॅपटॉपसाठी १५० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १४-१५ अँपिअर ओढतो. त्यात आणखी चार तोंडांचा स्प्लिटर लावला की सॉकेटचं प्लॅस्टिक वितळू लागतं. टायरमध्ये हवा भरायचा पंपही इंजिन चालू ठेवूनच चालवा.

स्टिरिओ: वायर न कापता

दुकानात पहिली अट ही घाला: कंपनीचा कपलर (वायरींच्या टोकाचा प्लग) कापायचा नाही. जवळपास प्रत्येक लोकप्रिय गाडीसाठी तयार कपलरची वायरिंग मिळते. एका टोकाला गाडीचा कपलर, दुसऱ्याला नव्या स्टिरिओचा. काही शे रुपयांचा खर्च आहे, पण कापाकापी केली तर वॉरंटीत इलेक्ट्रिकल बिघाडाचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. शिवाय जुना स्टिरिओ परत लावायची वेळ आली तर दहा मिनिटांचं काम होतं.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग सारखे असतात. पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, घड्याळ आणि मेमरीसाठी. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी पॉवर. काळी अर्थ. निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी रिमोट वायर. नारिंगी लाइट लावल्यावर स्क्रीन मंद करणारी. स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली त्या स्पीकरची मायनस. पिवळी आणि लाल एकत्र पिळून एकाच पॉवरला जोडणं हा नेहमीचा शॉर्टकट आहे. त्याने स्टिरिओ कधी पूर्ण बंदच होत नाही आणि बॅटरी रात्रीतून खाली येते. दर वेळी किल्ली काढल्यावर स्टेशनची यादी पुसली जात असेल, तर पिवळीला कायमची पॉवर मिळत नाहीये किंवा दोघींची अदलाबदल झाली आहे.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ करायची नाही. जुन्या टेपमध्ये ती सवय चालून गेली असेल, पण आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतो. अर्थ केली की आउटपुटचा आयसी (चिप) जातो.

जोड पिळून वर चिकटपट्टी, हे तर नकोच. उन्हात पट्टीचा गोंद पाघळतो, वर्षभरात पट्टी सुटते. सोल्डर किंवा नीट क्रिंप (पक्कडीने दाबून घट्ट) करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायला सांगा आणि जुडगा डॅशबोर्डच्या धातूच्या पट्टीवर घासणार नाही असा बांधून घ्या.

आणि खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’ वर जाऊ नका. तो क्षणिक कमाल आकडा आहे. अँप्लिफायर नसलेला स्टिरिओ दर चॅनेलला सलग साधारण २० वॅटच देतो. स्पीकर निवडताना आरएमएस आकडा (सलग पेलणारी ताकद) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटवर किती मोठा आवाज) बघा. ९० डेसिबलच्या वर सेन्सिटिव्हिटी असलेले साधे स्पीकर २० वॅटवर मजेत वाजतात. ‘३०० वॅट’ लिहिलेले जड स्पीकर तेवढ्यावर मरगळलेले वाटतात.

दारातले स्पीकर आणि पावसाचं पाणी

काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतं, आणि ते शिरावं अशीच रचना आहे. ते आतून ओघळून दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतला पत्रा आणि प्लॅस्टिकचं पॅनल यांच्यामध्ये एक पातळ प्लॅस्टिकचा कागद काळ्या डांबरासारख्या गोंदाने चिकटवलेला असतो. तो पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बदलताना घाईत हाच कागद फाडला जातो. पुढच्या जूनमध्ये कार्पेट ओलं, पॉवर विंडोचे स्विच चिकट, स्पीकरचा कागदी कोन मऊ पडून घरघरतो. पॅनल उघडलं की स्वतः बघा: कागद शाबूत आहे का, सुटलेल्या कडा ब्यूटाइल टेपने परत चिकटवल्या का. स्पीकरच्या मागे वरच्या बाजूने छोटं छप्पर येईल असं फोमचं किंवा प्लॅस्टिकचं कवच लावून घ्या. कागदीऐवजी पॉलिप्रॉपिलीन कोनचे स्पीकर कोकणात आणि गोव्यात जास्त टिकतात, टर्मिनलला मात्र खाऱ्या हवेचा गंज चढतोच. दाराच्या तळाची भोकं वर्षातून एकदा काडीने मोकळी करा. पॅनल बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन ती स्पीकरच्या मॅग्नेटला लागत नाही ना तेही पाहा.

अँप्लिफायर आणि वूफर

इथे पहिल्यांदा गणित. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) अँप्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण जोरावर ३७५ वॅट ओढतो. १३.८ व्होल्टला ते २७ अँपिअर झाले. क्लास एबी असेल तर कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३६ अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरावर वाजत नाही, सरासरी यापेक्षा बरीच कमी असते. पण वायर आणि फ्यूज कमाल आकड्यावरच ठरवायचे. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा, आणि सिग्नलला उभ्या गाडीत तो त्याहून बराच कमी देतो. रात्री, पावसात, एसी आणि वायपर चालू असताना बेसच्या ठोक्यासरशी हेडलाइट मिचकत असतील, तर गाडी सांगतेय की मागणी जास्त झाली. माझं स्पष्ट मत असं की मूळ बॅटरी-अल्टरनेटरवर हॅचबॅकमध्ये ३००-४०० वॅट आरएमएसच्या वर जाऊ नये. कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) लावून हे सुटत नाही, तो वीज तयार करत नाही.

केबल तांब्याचीच घ्या. स्वस्त किटमधली केबल वरून तांबूस आणि आतून ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत रुपेरी निघाली तर ॲल्युमिनियम. ते तांब्याच्या तुलनेत साठ-पासष्ट टक्केच वीज वाहतं, म्हणून तीच घ्यायची झाली तर एक माप जाड घ्या. तांब्याची ८ गेज, म्हणजे सुमारे ८ स्क्वेअर एमएम, ४० अँपिअरच्या फ्यूजपर्यंत पुरते. त्याच्या वर ४ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड).

बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढा. प्लसवरून केबल घ्या, फ्यूज होल्डर तिथेच बॉनेटखाली पक्का करा, पण फ्यूज शेवटी घाला. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) केबल आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रिंग) हवाच. इंजिनाच्या थरथरीने धारदार कड महिन्याभरात इन्सुलेशन कापते आणि गाड्यांना आग लागण्याचं एक मोठं कारण हीच जागा आहे. पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए वायर (स्टिरिओचा सिग्नल अँप्लिफायरला नेणारी) दुसऱ्या बाजूने न्या. अगदीच गरज पडली तर एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या.

अर्थ हा अर्धा सर्किट आहे, पण त्याला सगळ्यांत कमी वेळ दिला जातो. पॉवर केबलइतकीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत संपणारी वायर घ्या. बॉडीच्या जाड पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) क्रिंप करून बोल्टने आवळा आणि वर ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर उघडा पत्रा पावसाळ्यात गंजतो. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ घेऊ नका, तो जीव वाचवणारा बोल्ट आहे. ड्रिल मारण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा: मागच्या सीटखाली बहुधा पेट्रोलची टाकी असते. डिकीत सीएनजीचं सिलिंडर असेल तर तिथे ड्रिल आणि उघडे जोड दोन्ही टाळा आणि अँप्लिफायर सीटखाली हलवा. मायनस टर्मिनलवर सेन्सरचा छोटा डबा असलेल्या गाडीत कुठल्याही ॲक्सेसरीचा अर्थ थेट बॅटरीच्या खांबावर नको, बॉडीवरच घ्या. नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो.

मग गेन. गेन हे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओचा सिग्नल आणि अँप्लिफायर यांची जुळणी करण्याचं ते बटण आहे. बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारं सेटिंग) बंद, स्पीकर सोडवलेले, स्टिरिओचा आवाज तीनचतुर्थांश. वूफरसाठी ५० आणि दारातल्या स्पीकरसाठी १०० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या आउटपुटला लावा. लक्ष्य काढायचं सूत्र: वॅट गुणिले ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अवरोध), त्याचं वर्गमूळ. ४ ओहमच्या ६० वॅटला १५.५ व्होल्ट, ४ ओहमच्या २०० वॅटला २८.३ व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत तिथे थांबा. स्पीकर परत जोडल्यावर दारातल्यांना ८० हर्ट्झच्या खालचं तोडा, वूफरला ८० च्या वरचं. यापुढे आवाज फाटल्यासारखा वाटला तर कमी करा. फाटलेला सिग्नल स्पीकरची कॉइल जाळतो, आणि कमी वॅटचा अँप्लिफायर रेटून वाजवला तरी ट्वीटर जातात ते याच कारणाने.

दोन ४ ओहमचे वूफर समांतर जोडले की २ ओहम होतात. तुमचा अँप्लिफायर तेवढ्यावर चालतो का, हे मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर आधी आरसीए अँप्लिफायरमधून काढा. शिट्टी थांबली तर दोष स्टिरिओच्या बाजूला: त्याचा अर्थ डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूला लावलेला असेल, तो चांगल्या धातूवर घ्या. थांबली नाही तर अँप्लिफायरचा अर्थ पुन्हा घासा. फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय.

आवाजाबद्दल थोडं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा आहे, रात्र १० ते ६. आणि ८५ डेसिबलला कान आठ तास सहन करतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. मागच्या ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा.

लाइट आणि हॉर्न

मूळ हेडलाइट बल्ब ६०/५५ वॅटचे असतात. दोन मिळून लो बीमला सुमारे ९ अँपिअर. त्याजागी १०० वॅटचे घातले की १६-१७ अँपिअर त्याच वायरीतून आणि त्याच स्विचमधून जातात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि नियमातही ते बसत नाही. जादा फॉग लॅम्प किंवा साधा दुहेरी हॉर्न लावायचा तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरा. त्याच्या पायांवरच्या आकड्यांप्रमाणे: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला लाइट, ८५ आणि ८६ ला स्विच व अर्थ. बहुस्वरी हॉर्नला मोटार वाहन नियमांतच मनाई आहे.

पूर आणि उंदीर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांत अडकून दगावली. पाणी वायरिंगमध्ये गेलं की पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक साथ सोडू शकतात. पाणी दाराशी आलं की काच आधी खाली घ्या, सामानाचा विचार नंतर. काच फोडायची छोटी हातोडी हाताच्या अंतरावर ठेवा, डिकीत नाही.

पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. पाणी ओसरल्यावर बॅटरीचा मायनस सोडवा आणि टो करून न्या. पाणी शिरलेल्या इंजिनाला सेल्फ मारला तर रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर विमा कंपनी हा खर्च सहसा देत नाही. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमची किंमतही पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागते. ‘आयएमटी २४’ हे कलम त्यासाठीच आहे, नूतनीकरणाच्या वेळी बिल दाखवून जोडून घ्या.

पावसाळ्यात उंदीर कोरड्या, गरम बॉनेटखाली येतात. तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या लोक ठेवतात, वास उडेपर्यंत थोडा उपयोग होतो. जास्त चालतं ते हे: हवेच्या वाटेवर बारीक जाळी, गाडीत खाऊचे कण न ठेवणं, कचराकुंडी आणि झाडांपासून दूर पार्किंग, आणि गाडी रोज जागेवरून हलवणं. अचानक चेक इंजिन लाइट लागला किंवा लेंड्या दिसल्या, तर गाडी चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडा. कुरतडलेली इंधनाची नळी आणि उघडी वायर शेजारी असेल तर सेल्फची ठिणगी पुरते.

नारिंगी जाड केबल दिसली, म्हणजे हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी, तर तिला हात लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात. स्टिरिओ या गाड्यांतही वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो, पण काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

दुकानातून गाडी ताब्यात घेताना

पॅनल बंद होण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: बॉनेटखालचा फ्यूज, ग्रोमेट, अर्थचा बोल्ट, स्टिरिओमागचे जोड. पुढे दुसऱ्या शहरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे फोटो तासभराची शोधाशोध वाचवतात. बिलावर अँप्लिफायरचं मॉडेल आणि केबलचं माप लिहून घ्या. गाडी दारात लावून दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज मोजा आणि बसवण्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून बघा. महिन्याभराने एकदा बॅटरीचा मायनस काढून अँप्लिफायरच्या पॉवर व अर्थचे स्क्रू पुन्हा आवळा. तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्या महिन्यात स्क्रू थोडे ढिले पडतातच.